विल्यम एडवर्ड्स डेमिंग

विल्यम एडवर्ड्स डेमिंग (१४ ऑक्टोबर, १९०० – २० डिसेंबर, १९९३) हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ, प्राध्यापक आणि व्यवस्थापन सल्लागार होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी उद्योगांना गुणवत्ता नियंत्रणाची संख्याशास्त्रीय पद्धत शिकविणारे तज्ज्ञ म्हणून ते ओळखले जातात. योजना, कृती, अभ्यास व अंमल या चार टप्प्यांचे सातत्यपूर्ण सुधारणेचे चक्र त्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. कर्मचाऱ्याच्या कामाचा दर्जा मुख्यतः तो ज्या कार्यव्यवस्थेत काम करतो तिच्यावर अवलंबून असतो. म्हणून व्यक्तीला दरवर्षी गुण देण्यापेक्षा व्यवस्था अखंड सुधारत राहणे हे व्यवस्थापनाचे खरे काम होय, हे त्यांच्या विचारांचे सार आहे.

बालपण व शिक्षण

डेमिंग यांचा जन्म अमेरिकेच्या आयोवा राज्यातील सू सिटी येथे झाला. वडिलांचे नाव विल्यम अल्बर्ट आणि आईचे नाव प्लूमा आयरीन असे होते. आई संगीत शिकवीत असे. डेमिंग लहान असतानाच हे कुटुंब वायोमिंग राज्यात गेले. प्रथम कोडी आणि नंतर पॉवेल या नव्याने वसलेल्या गावी त्यांचे वास्तव्य होते. पॉवेल येथे कुटुंबाला ४० एकर जमीन मिळाली. परंतु तिच्यातून फारसे उत्पन्न होत नसे. सुरुवातीची काही वर्षे त्यांना डांबरी कागदाने शाकारलेल्या झोपडीवजा घरात काढावी लागली. घरखर्चाला हातभार म्हणून डेमिंग शाळकरी वयातच किरकोळ कामे करू लागले. काटकसर आणि अपव्ययाचा तिटकारा हे त्यांचे गुण आयुष्यभर टिकले.

१९२१ साली त्यांनी वायोमिंग विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. १९२५ मध्ये कोलोराडो विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी आणि १९२८ मध्ये येल विद्यापीठाची गणितीय भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट त्यांना मिळाली.

येलला शिकत असताना १९२५ व १९२६ च्या उन्हाळी सुट्ट्यांत त्यांनी शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यात नोकरी केली. दूरध्वनीची यंत्रसामग्री बनविणाऱ्या या प्रचंड कारखान्यात हजारो कामगार होते. माल आधी तयार करायचा, मग तपासायचा आणि सदोष नग बाजूला काढायचे, ही त्या काळची सर्वत्र रूढ असलेली रीत होती. तपासणी कितीही कडक केली तरी तिने मालाचा दर्जा वाढत नाही, कारण दोष तोवर मालात शिरलेला असतो, हा मुद्दा डेमिंग यांनी पुढील काळात वारंवार मांडला.

शूहार्ट यांचा प्रभाव

१९२७ साली डेमिंग अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नत्र संशोधन प्रयोगशाळेत रुजू झाले. याच सुमारास त्यांचा परिचय बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांच्याशी झाला. शूहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण आलेखाची कल्पना मांडली होती. कोणत्याही कामाच्या फलितात रोज थोडाफार फरक पडतच असतो. त्यांपैकी काही फरक त्या कामाच्या रचनेतच मुरलेल्या अनेक लहान कारणांमुळे पडतात, तर काही एखाद्या वेगळ्या, शोधून काढता येण्याजोग्या कारणामुळे पडतात. पहिल्या प्रकारच्या कारणांना सामान्य कारणे आणि दुसऱ्या प्रकारच्या कारणांना विशेष कारणे म्हणतात. या दोहोंत भेद कसा करावा, हे नियंत्रण आलेखामुळे गणिताने ठरविता येऊ लागले.

डेमिंग यांच्या पुढील सर्व कार्याचा पाया हाच भेद होय. शूहार्ट यांनी तो यंत्रे व वस्तूंच्या संदर्भात मांडला होता. डेमिंग यांनी तो माणसांच्या कामाला लावला. १९३८ मध्ये त्यांनी शूहार्ट यांची व्याख्याने कृषी खात्याच्या पदव्युत्तर शाळेत आयोजित केली आणि पुढच्या वर्षी ती संपादित करून ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. विनिर्देश, उत्पादन आणि तपासणी या तीन पायऱ्या सरळ रेषेत न मांडता वर्तुळात मांडाव्यात, हा विचार याच ग्रंथात आहे. सुधारणा चक्राचे हे पहिले रूप होते.

दरम्यान १९३६ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये जाऊन त्यांनी रोनाल्ड फिशर व येर्झी नेमन यांच्याकडून संख्याशास्त्राचे धडे घेतले. १९३९ साली ते अमेरिकेच्या जनगणना खात्यात दाखल झाले. १९४० च्या जनगणनेत प्रथमच नमुना पाहणीचा वापर झाला, त्यामागे डेमिंग यांचे मोठे योगदान होते. खात्याच्या कारकुनी कामातील चुका कमी करण्यासाठीही त्यांनी नियंत्रण आलेखाचा उपयोग केला. कारखान्याबाहेरच्या, कचेरीतल्या कामालाही ही पद्धत लागू पडते, हे त्यातून दिसून आले.

युद्धकाळात हजारो अमेरिकन अभियंत्यांना व तंत्रज्ञांना संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रणाचे प्रशिक्षण देण्यात आले. त्या अभ्यासक्रमांच्या आखणीत आणि अध्यापनात डेमिंग सहभागी होते. युद्ध संपल्यावर मात्र अमेरिकन मालाला जगभरातून मागणी आली. जे बनेल ते खपत असल्याने उद्योगांना दर्जाची निकड उरली नाही आणि शिकविलेली तंत्रे थोड्याच वर्षांत मागे पडली. अभियंत्यांना शिकवून भागत नाही, वरिष्ठ व्यवस्थापकांना विषय समजला नाही तर सुधारणा टिकत नाही, असा निष्कर्ष डेमिंग यांनी या अनुभवातून काढला. १९४६ मध्ये सरकारी नोकरी सोडून ते स्वतंत्र सल्लागार झाले. त्याच वर्षी न्यू यॉर्क विद्यापीठात ते प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि अखेरपर्यंत तेथे शिकवीत राहिले.

जपानमधील कार्य

१९४७ साली दोस्त राष्ट्रांच्या लष्करी प्रशासनाने डेमिंग यांना जनगणनेच्या तयारीसाठी जपानला बोलाविले. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या त्या देशाबद्दल आणि तेथील संख्याशास्त्रज्ञांबद्दल त्यांना जिव्हाळा निर्माण झाला. जपानी शास्त्रज्ञ व अभियंते यांच्या संघाचे केनइची कोयानागी यांच्या निमंत्रणावरून १९५० च्या उन्हाळ्यात ते पुन्हा जपानला गेले. टोकियोत अभियंत्यांसाठी त्यांचा आठ दिवसांचा अभ्यासक्रम झाला. आधीचा अमेरिकन अनुभव लक्षात घेऊन त्यांनी उद्योगपतींशी थेट बोलण्याचा आग्रह धरला. उद्योग महासंघाचे प्रमुख इचिरो इशिकावा यांच्या पुढाकाराने जुलै १९५० मध्ये आघाडीचे २१ उद्योगपती एकत्र आले. हाकोने येथेही वरिष्ठ व्यवस्थापकांसाठी व्याख्यान झाले.

त्या काळी जपानी माल स्वस्त आणि तकलादू समजला जाई. पाच वर्षांत जगातील बाजारपेठा जपानी माल मागू लागतील, असे भाकीत डेमिंग यांनी केले. त्यासाठी त्यांनी दाखविलेला मार्ग वर्तुळाकार होता. वस्तूची रचना करावी, ती तयार करावी, बाजारात आणावी, ग्राहकाचा अनुभव जाणून घ्यावा आणि त्या आधारे पुन्हा नवी रचना करावी. जपानी व्यवस्थापकांनी या कल्पनेला योजना, कृती, तपासणी व अंमल असे चार शब्दांचे सुटसुटीत रूप दिले. डेमिंग यांना त्यातील तपासणी हा शब्द पसंत नव्हता. केवळ ठरल्याप्रमाणे झाले की नाही हे पाहणे त्यांना अपुरे वाटे. निकालातून काय शिकता आले, हे त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे होते. म्हणून पुढे त्यांनी त्या जागी अभ्यास हा शब्द वापरला.

व्याख्यानांच्या पुस्तिकेचे मानधन त्यांनी स्वीकारले नाही. त्या रकमेतून संघाने १९५१ मध्ये डेमिंग पारितोषिक सुरू केले. गुणवत्तेच्या क्षेत्रातील हा जपानचा सर्वांत प्रतिष्ठेचा सन्मान मानला जातो. टोयोटा कंपनीला तो १९६५ मध्ये मिळाला. १९६० साली जपानच्या सम्राटांच्या वतीने डेमिंग यांना ‘पवित्र रत्न’ हा राजसन्मान देण्यात आला.

जपानच्या औद्योगिक यशाचे सर्व श्रेय डेमिंग यांना देणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. जोसेफ जुरान यांनी १९५४ पासून तेथे व्यवस्थापनाच्या अंगाने मार्गदर्शन केले. काओरू इशिकावा यांच्या प्रयत्नांतून १९६० च्या दशकात कामगारांची गुणवत्ता मंडळे उभी राहिली. जपानी अभियंत्यांनी स्वतः केलेली मेहनतही मोठी होती.

अमेरिकेत उशिरा मिळालेली ओळख

जपानमध्ये घरोघरी पोहोचलेले डेमिंग यांचे नाव त्यांच्या मायदेशी १९८० पर्यंत उद्योगजगतात फारसे कोणाला ठाऊक नव्हते. २४ जून १९८० रोजी एनबीसी दूरचित्रवाणीने जपानी उद्योगांच्या यशावर एक माहितीपट दाखविला. त्यात डेमिंग यांची मुलाखत होती. त्या वेळी ते ७९ वर्षांचे होते. दुसऱ्या दिवसापासून वॉशिंग्टनमधील त्यांच्या घराच्या तळघरातील छोट्या कार्यालयात चौकशीसाठी दूरध्वनी खणखणू लागले.

फोर्ड मोटार कंपनी तेव्हा अडचणीत होती. १९७९ ते १९८२ या काळात तिला सुमारे ३ अब्ज डॉलरचा तोटा झाला. कंपनीने डेमिंग यांना पाचारण केले. मोटारींच्या दर्जाविषयी सल्ला मिळेल अशी अपेक्षा असताना त्यांनी कंपनीची कार्यसंस्कृती आणि वरिष्ठांची वागणूक यांविषयीच प्रश्न विचारले. बहुतेक दोषांचे मूळ व्यवस्थापनाच्या निर्णयांत असते, असे त्यांनी स्पष्ट केले. कंपनीचे प्रमुख डोनाल्ड पीटरसन यांनी हा विचार स्वीकारला. रचनाकार, अभियंते, कारखान्यातील कामगार आणि पुरवठादार यांना प्रारंभापासून एकत्र बसवून ‘टॉरस’ ही मोटार तयार करण्यात आली. १९८६ मध्ये फोर्डचा नफा १९२० च्या दशकानंतर प्रथमच जनरल मोटर्सपेक्षा अधिक झाला.

त्याच वर्षी डेमिंग यांचा ‘आउट ऑफ द क्रायसिस’ हा ग्रंथ प्रकाशित झाला. व्यवस्थापनासाठी त्यांनी सांगितलेली १४ सूत्रे त्यात आहेत. भीती घालवा, विभागांमधील भिंती पाडा, घोषणा व संख्यात्मक कोटे बंद करा, प्रशिक्षण द्या आणि उत्पादनाची व सेवेची व्यवस्था सतत सुधारत राहा, अशा आशयाची ती सूत्रे आहेत.

कर्मचारी मूल्यमापनाविषयीचे विचार

वार्षिक कार्यमूल्यमापन, गुणानुक्रम आणि त्यावर आधारित वेतनवाढ यांना डेमिंग यांनी उद्योगांच्या घातक रोगांत गणले. आपल्याकडील सरकारी कचेऱ्यांत गोपनीय अहवाल या नावाने परिचित असलेली पद्धत याच जातीची आहे. या विरोधामागे केवळ सहानुभूती नव्हती, तर त्यांचे संख्याशास्त्र होते.

हे पटवून देण्यासाठी ते आपल्या चार दिवसांच्या परिसंवादांत लाल मण्यांचा प्रयोग करीत. एका पेटीत ३२०० पांढरे आणि ८०० लाल मणी मिसळलेले असत. श्रोत्यांतून सहा जणांना कामगार म्हणून निवडले जाई. ५० खळगे असलेली पट्टी पेटीत बुडवून प्रत्येकाने मणी काढायचे. पांढरा मणी म्हणजे चांगला माल आणि लाल मणी म्हणजे दोष. डेमिंग स्वतः मुकादमाची भूमिका करीत. कमी लाल मणी काढणाऱ्याला ते शाबासकी व वेतनवाढ देत, जास्त काढणाऱ्याला ताकीद देत आणि शेवटी सुमार ठरलेल्यांना कामावरून कमी करीत. पेटीत लाल मण्यांचे प्रमाण २० टक्के असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी १० लाल मणी येणे अपेक्षित होते. गणिताने पाहता २ पासून १८ पर्यंतचा कोणताही आकडा निव्वळ योगायोगाने येऊ शकतो. म्हणजे ज्याला बक्षीस मिळाले आणि ज्याची नोकरी गेली, त्या दोघांच्या कौशल्यात काहीच फरक नव्हता. लाल मणी कमी करण्याचा उपाय पेटीत काय भरायचे हे ठरविणाऱ्यांच्या हाती होता, कामगारांच्या हाती नव्हता.

सुधारणेच्या ज्या संधी असतात त्यांपैकी सुमारे ९४ टक्के व्यवस्थेशी संबंधित असून ६ टक्केच विशेष कारणांशी निगडित असतात, असा त्यांचा अनुभवावर आधारलेला अंदाज होता. व्यक्तीचे कर्तृत्व वेगळे मोजता येत नाही, हे ते एका साध्या समीकरणाने दाखवीत. कामाचे फलित म्हणजे व्यक्तीचा स्वतःचा वाटा अधिक व्यवस्थेशी होणाऱ्या आंतरक्रियेचा परिणाम. दोन अज्ञात राशी आणि समीकरण एकच असेल, तर उत्तर काढता येत नाही. वार्षिक गुणांकन मात्र ते उत्तर काढल्याचा आव आणते.

अशा गुणांकनामुळे कर्मचारी दूरदृष्टीची कामे टाळतो, वरिष्ठाला खूश ठेवण्याकडे वळतो, सहकाऱ्याला मदत करणे त्याला तोट्याचे वाटते आणि कामातील आनंद व अभिमान नाहीसा होतो, असे त्यांचे निरीक्षण होते. बहुसंख्य माणसे काम चांगले करू इच्छितात, असा त्यांचा विश्वास होता.

गुणांकन काढून टाकल्यावर करायचे काय, याचेही उत्तर त्यांनी दिले. वरिष्ठाने प्रथम आकडेवारीवरून कामाची व्यवस्था स्थिर आहे का ते तपासावे. व्यवस्थेच्या मर्यादांच्या आत असलेल्यांत वरचा-खालचा असा क्रम लावू नये. जो कर्मचारी या मर्यादांबाहेर खालच्या बाजूला गेला असेल, त्याला प्रशिक्षण, वेगळे काम किंवा अन्य मदत द्यावी. जो वरच्या बाजूला असेल, त्याची रीत समजून घ्यावी. प्रत्येक सहकाऱ्याशी वर्षातून किमान एकदा निवांत संवाद साधावा. तो निवाडा करण्यासाठी नसून त्याच्या अडचणी, अपेक्षा व सूचना ऐकण्यासाठी असावा. त्यातून समजलेल्या अडचणींवर सुधारणा चक्र चालवावे. बदलाची योजना करावी, ती लहान प्रमाणावर करून पाहावी, निकालाचा अभ्यास करावा आणि योग्य वाटल्यास ती सर्वत्र लागू करावी. मग पुन्हा पहिल्या पायरीवर यावे.

अध्यापनातही त्यांनी हे तत्त्व पाळले. विद्यार्थ्यांचा क्रम लावण्याऐवजी ते सर्वांना उत्तीर्ण करीत. उत्तरपत्रिका ते स्वतःचे शिकविणे कोठे कमी पडले आणि कोणत्या विद्यार्थ्याला मदतीची गरज आहे, हे जाणण्यासाठी वाचत.

टीका

डेमिंग यांच्या विचारांवर आक्षेपही घेतले गेले. गुणांकन नको म्हटले तरी बढती आणि वेतन कशाच्या आधारावर ठरवायचे, याचे पुरेसे व्यावहारिक उत्तर ते देत नाहीत, असे अनेक व्यवस्थापनतज्ज्ञांचे मत आहे. ज्या जपानचा ते दाखला देत, तेथील कंपन्यांतही ‘सातेई’ या नावाने व्यक्तिगत मूल्यमापनाची पद्धत रूढ आहे. सुधारणा चक्राचे कर्मकांड होण्याचा धोकाही दिसून आला. जपानबाहेर डेमिंग पारितोषिक मिळविणारी पहिली कंपनी असलेल्या फ्लोरिडा पॉवर अँड लाइट या वीज कंपनीला १९८९ मध्ये हा मान मिळाला. परंतु त्यानंतर तेथील कर्मचारी कागदपत्रांच्या ओझ्याने त्रासल्याचे आढळल्याने नव्या प्रमुखांनी तो कार्यक्रम बराच आटोपता घेतला.

वैयक्तिक जीवन व अखेर

डेमिंग यांच्या पहिल्या पत्नी ॲग्नेस बेल यांचे १९३० मध्ये निधन झाले. १९३२ मध्ये त्यांनी प्रयोगशाळेतील सहकारी व गणितज्ञ लोला शूप यांच्याशी विवाह केला. त्यांना तीन मुली होत्या. त्यांपैकी थोरली डोरोथी ही दत्तक होती. लोला यांचे १९८६ मध्ये निधन झाले. आईकडून आलेली संगीताची आवड डेमिंग यांनी जोपासली होती आणि चर्चमध्ये गाण्यासाठी त्यांनी स्वरचनाही केल्या.

१९८७ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते त्यांना राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. १९९३ मध्ये ‘द न्यू इकॉनॉमिक्स’ हा त्यांचा शेवटचा ग्रंथ आला. व्यवस्थेची जाण, फरकांचे ज्ञान, ज्ञानाचा सिद्धान्त आणि मानसशास्त्र या चार अंगांनी त्यांनी आपल्या विचारांची त्यात मांडणी केली. प्रकृती खालावली असतानाही त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत ते परिसंवाद घेत राहिले. २० डिसेंबर १९९३ रोजी वॉशिंग्टन येथील राहत्या घरी वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

भारताशी संबंध

गुणवत्ता नियंत्रणाचा विचार भारतात स्वातंत्र्याच्या सुमारासच पोहोचला. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात आले होते. डेमिंग यांनीही भारताला भेट दिली होती. पुढे १९९८ मध्ये सुंदरम-क्लेटन या कंपनीच्या ब्रेक विभागाला डेमिंग पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारी ती पहिली भारतीय कंपनी होय. २००३ मध्ये मुंबईच्या महिंद्र अँड महिंद्र कंपनीच्या कृषी उपकरण विभागाला आणि २००८ मध्ये टाटा स्टीलला ते मिळाले. महिंद्रच्या या विभागाचे ट्रॅक्टर कांदिवली व नागपूर येथील कारखान्यांतही तयार होतात.

प्रभाव

सातत्यपूर्ण सुधारणेचे चक्र आज कारखान्यांबरोबर रुग्णालये, शाळा व सरकारी कार्यालयांतही वापरले जाते. कर्मचारी मूल्यमापनाच्या बाबतीत मात्र डेमिंग यांचा विचार अर्धाच स्वीकारला गेला. अनेक संस्थांच्या मनुष्यबळ विभागांनी योजना, कृती व आढावा हे चक्र उचलले. पण त्याच्या शेवटी श्रेणी देण्याची रीत कायम ठेवली. त्यामुळे जे चक्र कामाची व्यवस्था सुधारण्यासाठी होते, ते पुष्कळ ठिकाणी कर्मचाऱ्यालाच जोखण्यासाठी फिरविले जाते. डेमिंग यांच्या निधनानंतर सुमारे दोन दशकांनी काही मोठ्या कंपन्यांनी आपली पद्धत बदलली. अडोबी कंपनीने २०१२ मध्ये वार्षिक मूल्यमापन बंद करून वर्षभर चालणाऱ्या संवादाची पद्धत स्वीकारली आणि मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये कर्मचाऱ्यांना सक्तीने क्रम लावण्याची पद्धत सोडून दिली. वेतन आणि बढती कशाच्या आधारे ठरवावी, हा प्रश्न मात्र अशा संस्थांपुढेही कायम आहे.